निळ्या जंतूंची चोरी

कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या सगळ्या निळ्या नळ्या पांढऱ्या निघाल्या. त्यांतले जंतू जीन्सच्या कापडाला लागणारी नीळ बनवायचे, तीही झाडाशिवाय! परदेशी कंपनी ते विकत घ्यायला तंजावुरात येणार होती.

जंतू घडवणारे प्राध्यापक सीतारामराव उन्हाळ्यात वारले. आता किल्ल्या दोघांकडेच होत्या: मदतनीस म्हणून काम करणारी त्यांची बायको वसुमती, आणि विद्यार्थी नितीन. नितीनला नुकतीच बंगळूरच्या कंपनीत नोकरी लागली होती. साल १९९६; संशयाला एवढं पुरे होतं.

"त्यानेंच विकले, नि बदल्यांत साधे जंतू भरून ठेविले. चोर मेला!" वसुमती म्हणाली.

पोलिसांना कळवण्याआधी प्राचार्य राममूर्तींनी तिरुवैयारूहून सांबशिवरावांना बोलावलं. जंतुशास्त्र शिकवून निवृत्त झालेला हा माणूस भारी चौकस.

"अक्का, जंतूंना खाद्य कोण घालतं?" त्यांनी वसुमतीला विचारलं.

"मीच. एक दिवस चुकलें नाहीं. जुन्यांतला थेंब नव्या खाद्यांत, दह्यास विरजण लावितों तसें."

"आणि ही अँपिसिलिनची, जंतू मारायच्या औषधाची बाटली? सील शाबूत आहे."

"ती मी उघडलीच नाहीं."

सांबशिवरावांनी पांढऱ्या नळीतला थेंब तेच औषध घातलेल्या ताटलीवर पसरला. दोन दिवसांनी सगळ्यांना बोलावलं. ताटली जवळजवळ रिकामी होती, कडेला मात्र दोन निळे ठिपके उगवले होते.

"जंतू बदलले असते तर हे उगवले नसते," ते म्हणाले. "हे सीतारामांचेच. नीळ करायची विद्या आणि औषध सोसायची ताकद त्यांनी एकाच गाठोड्यात बांधून जंतूंना दिली होती. औषध असलं की गाठोडं टाकणारे मरतात. नसलं की तेच हलके होऊन भराभर वाढतात, आणि निळे मागं पडतात."

"मग चोर कोण?" राममूर्तींनी विचारलं.

"चोरी झालीच नाही. अक्कांनी औषध घातलं नाही."

वसुमतीचा चेहरा उतरला. "औषधानें जंतू मरतात, म्हणून घातलें नाहीं. त्यांचें एवढेंच जिवंत होतें मजपाशीं." मग हळूच म्हणाली, "फ्रिजांत नुसते राहूं दिले असते तर?"

खोटं बोलणं सांबशिवरावांना जमलं नाही. "सगळेच निळे टिकले असते, अक्का."

नितीन कोपऱ्यात बसला होता. तो उठला, तिच्याकडे न बघता बाहेर पडला. वसुमती त्याला हाक मारायला दारापर्यंत गेली, पण तिथूनच परतली.