तिसरी खाच

यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही. उलट एक गोष्ट वर्षभर लपवून ठेवली होती, ती आज इथे सांगतोय. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा.

रविवारची सकाळ होती. सात वाजून दहा मिनिटं.

जागा... आमच्या घरामागची पत्र्याची शेड.

त्या शेडमध्ये दादाने आणि मी सात वर्षं खपून एक विमान बांधलं होतं. खरंखुरं, दोन माणसांचं. सुटे भाग खोक्यांतून आले, जोडले आम्ही. दादाचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान, मी वायरमन. दिवसभर पोटापाण्याचं काम, संध्याकाळी विमान. वहिनी म्हणायची, "लोकांना हाडामांसाची सवत मिळते, मला पत्र्याची मिळाली!" पण पंखांचे रिव्हेट मोजून डब्यांत भरून ठेवायची तीच.

फ्लॅपचं थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. फ्लॅप म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची फळी. उतरताना ती खाली झुकवली की विमान कमी वेगातही हवेत तरंगतं. आमच्या विमानात त्यासाठी दोन सीटच्या मध्ये एक दांडा होता, गाडीच्या हँडब्रेकसारखा. त्याला तीन खाचा. दांडा वर ओढला की कट्... कट्... कट्. तिसऱ्या खाचेला फ्लॅप पूर्ण खाली.

फ्लॅप काढताना, म्हणजे दांडा परत खाली सोडताना, मात्र एकेक खाच, थांबत थांबत. एकदम काढले तर विमान धपकन खाली बसतं.

हे मला पाठ होतं. दादाने शंभरदा घोकून घेतलं होतं.

तरीही...

मागच्या वर्षी उतरताना विमान धावपट्टीवर आपटून उसळलं. पुन्हा वर जायला दादाने इंजिनाचा पूर्ण जोर लावला. पण फ्लॅप तिसऱ्या खाचेला. विमान चढेचना. समोर झाडं. मी खाली धावपट्टीच्या कडेला उभा, हातात वॉकीटॉकी होता आणि डोकं बधिर झालं होतं.

मी ओरडलो, "दादा, फ्लॅप काढ! सगळे काढ!"

दादा माझं कधीच ऐकायचा नाही.

त्या दिवशी ऐकलं.

झाडांच्या अलीकडेच विमान कोसळलं. दादा गेला.

चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "तुम्ही त्यांना काही सांगितलं होतं का?"

मी म्हणालो, "नाही."

अहवालात लिहून आलं... चालकाची चूक. वहिनीने तो कागद दोनदा वाचला. म्हणाली, "स्वतःच्या हाताने बांधलं, आणि एवढं साधं विसरले?"

मी तो कागद घडी करून कपाटात ठेवला.

वर्षभराने मोडकं विमान परत मिळालं. मी ते शेडमध्ये ठेवून कुलूप लावलं. दांडा तळाला होता, म्हणजे फ्लॅप पूर्ण काढलेले. फ्लॅपकडे जाणारी सळई तुटलेली. दोन्ही मी स्वतः पाहिलं होतं.

त्यानंतरचा तो रविवार. मी मागच्या नळावर तोंड धूत होतो.

कट्...

आवाज शेडमधून आला.

कट्... कट्.

मी कुलूप उघडलं. आत चिटपाखरूही नाही. पण दांडा...

दांडा तिसऱ्या खाचेत होता.

उंदीर असेल, स्प्रिंग सैल झाली असेल, अशी मनाची समजूत घातली. दांडा खाली टाकला. सोमवारी पुन्हा वर. मंगळवारी मी स्प्रिंगच काढून खिशात घातली. आता दांडा खाचेत अडकणंच शक्य नव्हतं.

बुधवारी, त्याच वेळी... कट्. कट्. कट्.

आत गेलो. दांडा कशाच्याही आधाराशिवाय तिसऱ्या खाचेशी उभा होता. स्प्रिंग माझ्या मुठीत.

"भाऊजी... कोण आहे आत?"

मागे वहिनी. पांढरीफटक.

"चार दिवस ऐकतेय," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्हीच येऊन बसता."

तिथेच खाली बसलो आणि सगळं सांगितलं. वॉकीटॉकी, झाडं, माझं ओरडणं. साहेबांना म्हणालेला तो "नाही".

वहिनी ओरडली नाही. रडलीही नाही.

"त्यांचा फोटो मी भिंतीकडे तोंड करून ठेवलाय, भाऊजी. मेलेल्या माणसावर वर्षभर चिडले मी. बोल बोल बोलले." मग अगदी हळू, "आणि तुम्ही ते ऐकत होतात."

दुसऱ्याच दिवशी मी चौकशीच्या कचेरीत जाऊन खरं ते लिहून दिलं. अहवाल बदलला. वहिनीने फोटो सरळ केला. माझ्याशी ती आता कामापुरतंच बोलते. माझं ताट झाकून ठेवते आणि आत निघून जाते.

मला वाटलं, आता तरी आवाज थांबेल.

नाही थांबला.

हल्ली दर रविवारी सकाळी वहिनी शेडमध्ये जाते. दार लावून घेते. त्या मोडक्या विमानात, दादाच्या शेजारच्या सीटवर बसते.

गेल्या रविवारी मला राहवलं नाही. मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो.

कट्...

बराच वेळ काहीच नाही.

कट्...

दांडा खाली येत होता. एकेक खाच. थांबत थांबत.

"हां... सावकाश," वहिनी म्हणाली. "घाई नाही काही."

तिचे दोन्ही हात मांडीवर होते.

नकळत हात काचेला लागला. आवाज थांबला.

वहिनीने वळून पाहिलं नाही. मान जराशी कलती केली... कुणीतरी कानाशी बोलावं, तशी. बराच वेळ ती ऐकत राहिली.

मग त्या रिकाम्या सीटकडे बघून म्हणाली,

"नाही हो... इतक्यात नका भाऊजींना आत बोलावू."