शेजारची कॉट

त्या एप्रिलात कसबा बावड्यातल्या एका मंगल कार्यालयात कोविड सेंटर होतं. नवरा-नवरी बसतात त्या स्टेजवर ऑक्सिजनच्या सहा कॉट, बाकीचे खाली सतरंज्यांवर. एका मशीनला दोन नळ्या, म्हणून कॉट जोडीनं. स्टेजवर कुणाला घ्यायचं त्याचा नियम होता. साठीच्या पुढचे, साखरवाले, पोटुशी बाई आधी. साखर कारखान्याचा वास खिडकीतनं येतो म्हणे. मला कसलाच वास येत नव्हता.

मी वर गेले ती तोंडाच्या जोरावर. "सदुसष्ट वय हाय, साखर हाय. नियम तुमचाच हाय की! मग काय मुहूर्त बघताय?" शाहूपुरीतलं भांड्यांचं दुकान तीस वर्षं असंच चालवलं.

शेजारच्या कॉटवर कोडोलीची बाळाबाई. सकाळी स्वप्नाली सिस्टरनं दोघींच्या बोटाला मशीन लावून पाटीवर ऑक्सिजनचे आकडे लिहिले. माझा ८४, तिचा ९१. संध्याकाळी माझा ९१, तिचा ८४. दुसऱ्या दिवशी तिला झाकून नेलं.

मग धोंडुबाई आली. तिचा ९२. "काय खाताय वं अक्का, लई टवटवीत दिसताय?"

"तुझ्यागत रडत न्हाय मी."

दुपारपर्यंत ती ८८, मी ९५. मी चौथी पास, पण एवढं कळतं. तिचा उतरला तेवढाच माझा चढला होता.

"माझी नळी तिची हवा ओढतीया," मी सिस्टरला सांगितलं. मेकॅनिकनं मशीन उघडून बघितलं. ठीक होतं. मी माझी नळी काढून टाकली. तरी माझा ९६. चारच्या सुमाराला धोंडुबाई गेली.

"आता हितं कुणाला घालू नगा."

"आजी, खाली चाळीस माणसं हायेत."

नियमानं पुढची बाई आणली. माझी लेक, दानेश्वरी. नऊ वर्षांनी दिवस राहिलेले, सातवा महिना.

"अव्वा, बरं झालं गं, तुझ्याच शेजारी."

तिचा ९३. तासाभरानं ९२. माझा ९७.

मी कॉटवरनं उतरले.

"मला साखर न्हाय. खोटं बोललो. वय बी साठ न्हाय. माझी जागा दुसऱ्याला द्या."

"आजी, डोकं फिरलं व्हय? नियमानं तुम्ही..."

"चुलीत गेला नियम!"

खाली सतरंजीवरही बसले नाही. तिथंही शेजार होताच. बाहेर, जेवणाच्या शेडच्या पलीकडं, एक बाकडं होतं. चाळीस पावलांत कुणी नव्हतं. खिडकीतनं स्टेज दिसायचं.

"अव्वा, रागावलीस व्हय?" दानेश्वरीची हाक आली.

मी तोंड फिरवलं. आयुष्यात पहिल्यांदा मला बोलायला कुणी नको होतं.

थोड्या वेळानं स्वप्नाली बाहेर आली. "दानेश्वरीताई ९४."

मग ९५.

मी पदर तोंडात कोंबला. आता उतरायची पाळी आपली, असं म्हणून बोट पुढं केलं. मनात भीती नव्हती.

"आजी, तुमचा ९९!"

मी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. बाकड्यावर मी एकटीच.

खिडकीतनं डॉक्टर दिसत होते. दानेश्वरीच्या पोटावर यंत्र ठेवून बाळाचे ठोके ऐकत होते.

त्यांनी ते जरा डावीकडं ठेवलं.

मग खाली.

मग त्यांनी पंखा बंद करायला सांगितला, आणि पुन्हा ऐकू लागले.