एका पलंगाची पाळी

सकाळी खाणीतली रात्रपाळी सुटली तेव्हा झुहैरच्या पापण्यांवर फॉस्फेटची पांढरी पूड होती. फाटकाजवळ त्याने पाव घेतला, त्यात हरिसाची तिखट लाल चटणी भरून घेतली आणि चालत चालत खाल्ला. मुकादम हाजी मबरूक तिथेच खुर्ची टाकून बसला होता.

"आज रात्री पट्ट्यावर तू एकटाच. डुलकी लागली तर बशीरसारखं होईल."

"बशीरकाकांना तुम्हीच दिवसाची पाळी झाल्यावर रात्रीलाही थांबवलंत, हाजी."

"आमच्या काळी आम्ही उभ्याउभ्या झोपायचो, पोरा!"

आणि माणसं बसल्याबसल्या मारायचात, झुहैर मनात म्हणाला. परवा पहाटे बशीरला खनिज वाहून नेणाऱ्या त्या पट्ट्याने आत ओढून घेतलं. काल हाजीने त्याच्या मातीवर फातिहा म्हटला आणि तिथून थेट कामावर आला.

झुहैर आणि बशीर, दोघांची खोली एक, पलंगही एकच. दिवसा झुहैर झोपायचा, रात्री बशीर. जो येईल त्याने पलंगाच्या लोखंडी पायावर जेवणाचा डबा दोनदा वाजवायचा. झोपलेल्याने मुकाट उठायचं, उशी उलटी करायची, निघायचं. दोन वर्षांत धड बोलणं झालं नव्हतं. एकमेकांची ओळख होती ती गादीच्या उबेची. या गावात झुहैरचं एवढंच माणूस.

झुहैर खोलीवर आला. खिडकीला चांदीचा कागद चिकटवलेला, आत मिट्ट काळोख. डोळे चुरचुरत होते. सवयीने हात पुढे गेला.

टक. टक.

स्प्रिंगा करकरल्या. कुणीतरी उठून बसलं. उशी उलटी झाल्याचा मऊ आवाज आला... मग घामाचा, ओल्या फॉस्फेटचा वास त्याच्या अंगाला घासून दाराकडे गेला.

"काका...?"

झुहैरने गादीवर हात ठेवला. ऊबदार होती. पळायला हवं होतं. पण तीन दिवसांची झोप अंगात साठली होती, आणि रात्री पट्टा होता. तो त्या उबेत आडवा झाला. बशीरच्या मातीनंतर पहिल्यांदाच त्याला एकटं वाटलं नाही.

टक. टक.

कागदाच्या फटीतून भर दुपारचं ऊन येत होतं.

"काका, आत्ताच तर पडलोय... झोपू द्या ना. रात्री मरेन मी..."

टक. टक. हळू, लाजल्यासारखं. बिचाऱ्याची झोप राहिली होती.

अंग आपोआप उठलं. हातांनी उशी उलटी केली. मागे स्प्रिंगा दबल्या, कुणीतरी लांब सुस्कारा सोडला.

पाय त्याला बशीरच्या दिवसपाळीला, फाटकाशी घेऊन गेले. हाजीने मान वर केली नाही. तो कधीच कुणाच्या तोंडाकडे बघत नसे.

"आलास का, बशीर?"

झुहैरने नाही म्हणायला तोंड उघडलं.

"आलो, हाजी," त्याच्याच तोंडून बशीरच्या घोगऱ्या, म्हाताऱ्या आवाजात उत्तर गेलं.