ओला रंग

आमच्या नगरपालिकेचा नियम साधा आहे. एक महिन्याहून जास्त आणि अकरा महिन्यांहून कमी मुदतीसाठी घर भाड्याने द्यायचं, तर ते कुणाचंही कायमचं राहतं घर असता कामा नये. मालकाने तसं लिहून द्यायचं. मुदत वाढवताना कारकून घर बघून जातो.

मी भाड्याने द्यायला काढलेलं घर माझ्या नावावर होतं, पण ते माझ्या आईचं कायमचं राहतं घर होतं. मी वजनकाटे तपासणारा माणूस, खोटं माप मला लांबून कळतं. तरी आईला म्हणालो, "घराला रंग देतोय. वासाने तुला खोकला होईल. पंधरा दिवस वृद्धाश्रमात राहा, रंग वाळला की नेतो." नड होती असंही नाही, एकट्या बाईला तीन खोल्या कशाला, असं डोक्यात बसलं होतं. आई मुकाट्याने पिशवी भरून निघाली. रंगाचा साधा डबाही मी आणला नव्हता. हे सांगताना अजून मान खाली जाते.

तीन महिन्यांच्या करारावर एक नर्स राहायला आली. मोजकं बोलणारी. सोळाव्या दिवशी तिचा फोन आला.

"दादा, मागच्या खोलीला रंग कधी दिलात?"

"दिलाच नाही. का?"

"ओला आहे. माझी बाही भरली."

दुपारी जाऊन पाहिलं. आईच्या खोलीची भिंत तीच, पिवळी, पोपडे धरलेली. फक्त दाराशेजारी वीतभर जागा पांढरी होती, आणि तिच्यात चार बोटं उमटलेली. माझ्या कमरेच्या जरा वर. आई वाकून चालते, तिचा हात तिथवरच पोचतो. फडक्याने पुसून काढलं. दुसऱ्या दिवशी नर्स म्हणाली, पुन्हा आलंय.

आश्रमात फोन केला. "आई बाहेर कुठे जाते का हो?"

"छे! दाराकडे बघत बसतात दिवसभर," तिथल्या बाई म्हणाल्या. "मुलगा न्यायला येणार म्हणतात."

मी फोन ठेवला. गेलो नाही.

करार संपत आला. नर्सला आणखी तीन महिने हवे होते. कारकून आला तेव्हा अर्धी भिंत पांढरी झाली होती. तो ठशांपाशी थांबला.

"घरात वयस्कर कोणी राहतं?"

"नाही."

"कायमचं कोणीच नाही ना?"

"नाही हो."

मी सही केली.

मागे कोणीतरी खोकलं. दोनदा. आम्ही दोघांनीही वळून पाहिलं. नर्स कामावर गेली होती.

तसाच आश्रमात गेलो. आई खाटेवर बसली होती, भरलेली पिशवी पायाशी. 'चल घरी' म्हणायला तोंड उघडलं, पण सही केलेल्या कागदाची प्रत माझ्या खिशात होती. घर आणखी तीन महिने नर्सचं.

आईनेच हात पुढे केला. चारही बोटांची टोकं पांढरी, ओली.

"अजून वाळला नाही रे," ती म्हणाली. "रोज हात लावून बघते. तू घाई नको करूस."

मग तोंडावर हात धरून ती खोकली, दोनदा.

हात काढला तेव्हा तिच्या ओठांवर पांढरा रंग लागला होता.