लवकर ये

जाणाऱ्या माणसाला आम्ही "ये" म्हणतो. तो खरंच आला, तर मग त्याला काय म्हणायचं?

माझी बहीण चंद्री उल्हासनगरच्या हॉस्पिटलात होती. तिच्या डॉक्टर मीनल मॅडम त्या दिवशी स्टूल ओढून आईसमोर बसल्या. "आता मशीन लावलं तर श्वास लांबेल, चंद्री बरी होणार नाही. तिला त्रास होऊ नये, एवढं आम्ही बघू."

"म्हणजे मरू देणार?" मी अंगावर गेलो.

त्या रागावल्या नाहीत. "तिच्याशी बोला. ऐकू येतं तिला. आमची काळजी करू नको, जा, असं सांगा."

आईला ते जमेना. बारवी धरणाकडच्या आमच्या पाड्यावर दुकानात निघालेल्यालाही कोणी "जा" म्हणत नाही.

दुपारी चंद्रीने डोळे उघडले. "तोंड बघ याचं. जसा हाच आजारी." मग हळूच म्हणाली, "येते रे, धाकलू."

"ये," मी सवयीने म्हणालो. "लवकर ये."

संध्याकाळच्या आत ती गेली.

आठवडाही झाला नव्हता. भरदुपारी आई अंगणात तांदूळ पाखडत होती. घराच्या कुडापलीकडून घरघर ऐकू आली. मग काहीच नाही... मग पुन्हा घरघर. शेवटी चंद्री असाच श्वास घेत होती. चुलीच्या धुराच्या घरात फिनेलचा वास भरला. मी आत डोकावलो. आईने टाकू न दिलेली चंद्रीची चटई, वर गोधडीची घडी. बाकी कोणी नाही.

आईने सूप थांबवलं. "आली," एवढंच म्हणाली आणि पुन्हा पाखडू लागली.

तेवढ्यात मॅडमचा फोन आला. माणूस गेल्यावरही त्या घरच्यांची चौकशी करतात. "आई जेवतात का, धाकलू?"

"मॅडम, गेलेलं माणूस परत आलं, तर..."

त्यांनी मला थांबवलं. मग म्हणाल्या, "तुझ्याजवळ कोण आहे? कोणाला इतका श्वास लागलाय?"

मी चटईकडे बघितलं.

"आईंना का? घाबरू नकोस. पाठीखाली हात घाल... कुशीवर वळव... हळू."

बाहेर सूप वाजतच होतं.

फोन ठेवून मी चटईशी बसलो. रिकाम्या जागेत हात घातला. हात वजनाखाली दबला. मी हळूच वळवलं. घरघर मंदावली, थांबली.

"निजली का रं?" आईने बाहेरून विचारलं.

"निजली."

मी गोधडी उलगडून तिच्या खांद्यापर्यंत ओढली. गोधडी चटईला टेकली नाही.