सावकाशरावांचा ओटा

"रुमाल नाही आणलात?"

त्याचं माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मी मासळीबाजारात त्याच्या ओट्यासमोर उभी होते. माझ्या आजूबाजूची पाच-सहा गिऱ्हाइकं नाकाला रुमाल, ओढणी, जे हाताला लागेल ते लावून उभी होती.

"कशाला?" मी विचारलं.

त्याच्या हातातली सुरी थांबली. त्याने वर पाहिलं… आणि पाहतच राहिला. जणू मी काही मोठा पराक्रम केला होता.

खरं सांगायचं तर मी काहीच केलं नव्हतं. वर्षभरापूर्वी एका तापात माझं नाक गेलं. म्हणजे नाक जागेवर होतं, चांगलं सरळ, आमच्या घराण्यातलं एकमेव सरळ नाक. पण वास यायचा बंद झाला तो झालाच. मी साबणाच्या कारखान्यात सुगंध तपासायच्या खात्यात होते. नाकावरच पोट होतं माझं. नाक गेलं, नोकरी गेली. घरी रिकामी बसलेली भाची सगळ्यांच्याच उपयोगी पडते, त्या न्यायाने आत्याने मला गाडीला जुंपलं. आत्या कायमची तिच्या मुलाकडे निघाली होती, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. विमानात ती बसत नाही. "ज्याला रस्त्याच्या कडेला थांबवता येत नाही, त्यात मी पाय ठेवणार नाही," असं तिचं म्हणणं. म्हणून हा सहा दिवसांचा रस्ता.

तिसऱ्या दिवशी, रस्ता समुद्राला लागून जातो तिथे, गाडी तापली. गाडीबरोबर आत्याही तापली. मेकॅनिक म्हणाला, पाण्याचा पंप गेलाय, बाहेरून मागवावा लागेल, तीन दिवस धरा. गॅरेजच्या वरती एक भाड्याची खोली होती आणि समोर मासळीबाजार. आत्याने खिडकी उघडली, लगेच लावून घेतली आणि हुकूम सोडला, "तू जा. तुझ्या नाकाचा काहीतरी उपयोग होऊ दे. चार बांगडे आण."

हे सगळं मी त्याला तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम. पण कोणी इतक्या कौतुकाने बघत असेल तर… तुम्ही सांगितलं असतं?

"घाई असेल तर पलीकडे जा," तो म्हणाला. "मला वेळ लागतो."

"अगं, त्याला सावकाशराव म्हणतात सगळे," शेजारच्या ओट्यावरची मासळीवाली ओरडली. "मासा शिळा होईल, पण ह्याचं कापणं व्हायचं नाही!"

"मावशी, गिऱ्हाईक पळवू नका."

"मी कुठे पळवते? बघ की, हलतही नाहीये ती."

मी खरंच हलत नव्हते. त्याचं खवले काढणं बघण्यासारखं होतं. मनगट एवढंसं हलायचं आणि खवले एका बाजूला साचत जायचे, ना घाई ना ओढाताण. चार बांगड्यांना त्याने अर्धा तास लावला. मला तो कमीच वाटला.

दुसऱ्या दिवशी मी आत्यासाठी कोळंबी आणायला गेले. आत्याला कोळंबी चालत नाही, अंगावर पित्त उठतं. पण ते मला बाजारात पोचल्यावर आठवलं.

पत्र्यावर बारीक पाऊस वाजत होता. त्याने एक रिकामा क्रेट उपडा घालून मला बसायला दिला.

"काल चार बांगडे नेलेत. संपले?"

"आमची आत्या खाणारी आहे."

"आणि तुम्ही?"

"मी बघणारी आहे."

त्याचे कान लाल झाले. "असं काही बोलायचं असेल तर आधी सूचना द्या," तो म्हणाला, "मी सुरी खाली ठेवत जाईन."

मग तो मला मासा पारखायला शिकवू लागला. डोळे भरलेले हवेत, कल्ले लालभडक हवेत, बोटाने दाबलं तर खड्डा राहता कामा नये. "आणि शेवटी नाक. बाकी सगळं फसवतं, नाक फसवत नाही." त्याने दोन मासे माझ्यासमोर धरले, दोन्ही स्वच्छ धुतलेले, डोकी उडवलेले. "सांगा बरं, हात न लावता, ताजा कुठला?"

मी वाकले. डोळे मिटून लांब श्वास घेतला. आत गेली ती नुसती गार हवा. मग मी अगदी जाणकारासारखी मान हलवली आणि डावीकडचा दाखवला.

मावशीने तोंडाला हात लावला. तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग इतका हसला, इतका हसला की ओट्याला टेकून उभं राहावं लागलं त्याला. "अहो, हा परवाचा! मांजरासाठी ठेवलाय! मुद्दाम केलंत ना?"

"हो," मी म्हणाले. आदल्या दिवशी नुसती गप्प राहिले होते. आज सरळसरळ खोटं बोलले.

हसणं थांबल्यावर तो हळूच बोलू लागला. "माझं लग्न ठरलं होतं. आठ वर्षं झाली. पहिल्या भेटीत ती म्हणाली, हात धुऊन या. मी धुऊनच गेलो होतो, तरी परत धुतले. मग लिंबू लावलं, मीठ चोळलं, कॉफीची भुकटी चोळली… तिसऱ्या भेटीत ती खिडकीकडे तोंड करून बसली. बोलली काही नाही. चांगली मुलगी होती हो. तिला जमत नव्हतं, एवढंच."

"मग?"

"मग काही नाही. बसमध्ये मी मागच्या दाराशी उभा राहतो. वाचनालयातून पुस्तक घेतो आणि बाहेर पायरीवर बसून वाचतो." त्याने ओट्यावरून ओला हात फिरवला. "हा आईचा ओटा. तिच्या हातांनाही हाच वास यायचा. मला तो कधी घाण वाटलाच नाही. लोकांना वाटतो, हे शाळेत गेल्यावर कळलं."

मी काय करतेय हे कळायच्या आत मी त्याचा हात धरला. गार, ओला, बोटांना दोन-तीन खवले चिकटलेले. तो हात मी माझ्या गालाला लावला. मावशीने एकदम, उगाचच, बर्फ फोडायला घेतला.

त्याने हात मागे घेतला नाही. "इतक्या वर्षांत कोणी…" तो म्हणाला.

आता बोल, आत्ता बोल, असं मला आतून कोणीतरी ओरडून सांगत होतं. मी डोळे मिटून घेतले. मला लाज वाटत होती आणि मी सुखात होते, दोन्ही एकदम.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही धक्क्यावर गेलो. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. होड्या रिकाम्या होऊन डुलत होत्या.

"आज लिंबू नाही लावलं," तो म्हणाला. "आठ वर्षांत पहिल्यांदा तसाच बाहेर पडलो." मग होडीच्या दोरखंडाची गाठ तपासत तो म्हणाला, "आत्याला पोचवलंस… की परत येशील? माझ्याकडे? मला कळतं, तीन दिवसांत असं कोणी विचारत नाही. मला तर भाजी घ्यायलाही तीन दिवस लागतात."

"येईन," मी म्हणाले, आणि त्यात तिळमात्र खोटं नव्हतं. "पण मला तुला एक सांगायचंय."

"सांग ना."

"…गाडीपाशी सांगते."

गाडीपाशी आत्या होती. पंप बसला होता, सामान चढलं होतं, नाकाला रुमाल लावून आत्या पुढच्या सीटवर विराजमान होती. तिला त्रास नको म्हणून तो सवयीने चार पावलं दूर थांबला. आत्याला कालच सगळा अंदाज आला होता. ती काही दुधखुळी नाही. आणि मनाने ती लोण्याहून मऊ.

"अहो, असे लांब का उभे? या की इकडे," ती रुमालाआडून म्हणाली. "मला होतो त्रास, मी म्हातारी. हिची काळजी नको. हिला वर्षभर कशाचा वासच येत नाही! घर जळालं तरी कळायचं नाही हिला."

मेकॅनिक हसला. चार पावलांवरचा तो मात्र हसला नाही.

"खरं?" त्याने मला विचारलं.

"हो."

"म्हणजे कालचा मासा…"

"हो."

त्याने स्वतःचा हात पाहिला आणि खिशात घातला. "मग तुला त्यात काही अवघड नव्हतंच."

"नव्हतं. मी सांगायला हवं होतं. पण तू मला आवडलास ते खरं आहे, आत्ताही…"

"वास येत असता तर?"

तीन दिवस मी सहज खोटं बोलले होते. हे आणखी एक तर सगळ्यात सोपं होतं. 'तरीही' एवढंच म्हणायचं होतं. त्याने विश्वास ठेवला असता, त्याला ठेवायचाच होता. पण नाक असताना मी कशी होते ते मला ठाऊक होतं. बसमध्ये उठून जागा बदलणाऱ्यांतली मी एक होते.

"माहीत नाही," मी म्हणाले.

त्याने मान हलवली. सावकाश, सगळं करायचा तशीच. मग मेकॅनिककडे वळून म्हणाला, "पंप घट्ट बसलाय ना, एकदा बघ. लांब जायचंय त्यांना." आणि रस्ता ओलांडून बाजारात गेला.

पुढचे दोन दिवस गाडीत आत्या गप्प होती. आत्या गप्प असणं ही घरात कोणी न पाहिलेली गोष्ट. शेवटी ती म्हणाली, "मी वाईट बोलले का गं?"

"नाही. खरं बोललीस." मग मात्र मला रडू आवरेना, आणि गाडी बाजूला घ्यावी लागली.

सात महिन्यांनी, आत्याच्या मुलाच्या घरी, एका सकाळी दूध करपलं आणि ते मला दुसऱ्या खोलीत कळलं. आत्याने देवाचे आभार मानले आणि मी गाडीची किल्ली मागितली. तिने काही विचारलं नाही. डबा भरून दिला.

तीन दिवसांनी, बाजाराच्या कमानीपाशीच तो वास अंगावर आला. मला तो आवडला, असं सांगायला किती बरं वाटलं असतं! नाही आवडला. पोटात ढवळलं, डोळ्यांत पाणी आलं, मी खांबाला धरून उभी राहिले. मग चालू लागले. एक ओटा, दुसरा ओटा… ढवळणं काही थांबलं नाही. पण परत फिरावं असं एकदाही वाटलं नाही. ह्या वासासकट मला तो हवा होता. 'वास येत असता तर?' ह्याचं उत्तर मला आता पक्कं माहीत होतं.

त्याच्या ओट्यावर मावशीच्या टोपल्या मांडलेल्या होत्या.

"गेला तो," मला ओळखून मावशी म्हणाली. "पावसाळा संपता संपता. तिकडे आत, डोंगराकडे कुठल्या लाकडाच्या वखारीत कामाला लागलाय. आईचा ओटा मला देऊन गेला. लाकडाला चांगला वास असतो म्हणाला."

"पत्ता?"

"नाही ठेवला. मी मागितला, तरी नाही दिला." तिची सुरी चालूच होती, सपासप.

"मावशी, कधी इकडे आला तर एवढं सांगाल? म्हणावं, तिला वास येतो आता. येतो, आणि तरी ती इथे येऊन उभी होती."

मावशीने पुढचा मासा ओढला.

"वास काय, सगळ्यांनाच येतो गं बाई," ती म्हणाली. "जरा बाजूला हो, मागे गिऱ्हाईक आहे."