कस्तुराबाईंची पकड

डॉक्टर माधवीला हाडं बसवणाऱ्या बायाबापड्यांचा मनापासून राग होता. मोडक्या पायाला तेल चोळून, कामट्या बांधून आठवड्यानं लोणावळ्याला तिच्या दवाखान्यात आणलेली माणसं तिनं पुष्कळ पाहिली होती. त्यामुळे भाजे गावचा गोरख जीपमधून आला आणि त्याच्या खुब्यावर हात दाबून बसलेली त्याची हाडं बसवणारी चुलती कस्तुराबाई दिसली, तेव्हा तिचं टाळकंच फिरलं.

गोरख अठ्ठावीस वर्षांचा. लोहगडवाडीतल्या आपल्या टपरीसाठी पाण्याच्या बाटल्यांचे खोके वाहताना पायरीवरून घसरलेला, त्यालाही दोन दिवस झालेले.

“आधी हात काढा तो!”

कस्तुराबाई हलल्या नाहीत. त्यांची करंगळी कधीकाळी कडबाकुट्टीत अर्धी गेली होती. उरलेल्या बोटांची पकड मात्र घट्ट होती.

“धरल्यालं हाड दुसऱ्याच्या हातात दिल्याबिगर सोडत न्हाईत, डाक्टरीनबाई. तुमी हितं हात ठिवा, मंग मी काढते.”

“मला वेळ नाही,” माधवी म्हणाली. सिस्टरनं तो हात उचलून बाजूला केला.

एक्स-रे मात्र तिनं दोनदा बघितला. मांडीच्या हाडाची मान उभी चिरली होती. जीपच्या पहिल्याच गचक्याला ती सरकायला हवी होती. केसभरही सरकली नव्हती.

“म्हाताऱ्यांचा आम्ही सरळ सांधा बदलतो,” तिनं गोरखला सांगितलं. “तुझ्या वयात स्वतःचं हाड वाचवायचं. नुसते तीन स्क्रू या उभ्या चिरेत टिकतीलच असं नाही. धातूची पट्टी आणि जाड स्क्रू जास्त पक्का. पण तो पिळताना हाडाचा वरचा गोळा सोबत फिरला, तर त्याचा रक्तपुरवठा तुटतो. गोळा मरतो.”

“मंग मी गड चढनार का न्हाई?”

“गोळा जगला तर.”

दुपारी ऑपरेशन सुरू झालं. एक्स-रेच्या पडद्यावर हाड दिसत होतं. माधवी जाड स्क्रू पिळू लागली आणि गोळा किंचित वळला.

मग तो थांबला.

पडद्यावर गोळ्याभोवती फिकट सावल्या उमटल्या होत्या. बोटांच्या हाडांच्या. चार पूर्ण, एक अर्धं.

“कुणाचा हात आलाय मध्ये?”

सगळ्यांनी हात वर केले. सावल्या तिथंच होत्या.

तिला भीती नाही वाटली. हात जोडावेसे वाटले, पण ते मोकळे नव्हते.

तिनं स्क्रू पुरा बसवला. गोळा जागचा हलला नाही. गोळा पुढेही फिरू नये म्हणून वरचा बारीक स्क्रू घालताना मात्र ड्रिल निसटलं आणि मधल्या बोटाच्या सावलीला लागलं.

बोट थरथरलं. पकड सुटली नाही.

बाहेर कस्तुराबाई बाकावर बसल्या होत्या. उजवा हात काहीतरी गोल धरल्यासारखा अधांतरी. मधल्या बोटाला पदर गुंडाळलेला, लाल झालेला.

“आता तरी घेता का, बाई? हात लय भरून आलाय.”

माधवीनं आपला तळवा पुढे केला.

काहीतरी गोल, कोमट त्यात येऊन विसावलं. तिची बोटं आपोआप मिटली.

हाड जुळायला अजून तीन महिने लागणार होते.